'मॅव्हरिक'ला मराठीत काय म्हणाल?

एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना अडलेय. त्यात एका आमदाराला 'मॅव्हरिक' म्हटलंय. 'बंडखोर' लिहिलं होतं, पण आपल्याकडे बंडखोर म्हणजे तिकीट कापल्यावर अपक्ष अर्ज भरणारा. हा गृहस्थ पक्षातच राहून पक्षाविरुद्ध मत देतो. सुचवा काहीतरी.

— मनस्वी?

— मनस्वी कवी असतात हो, आमदार नव्हे. 'एककल्ली' बघा.

— 'एककल्ली'त नापसंती आहे, 'मॅव्हरिक'मध्ये थोडं कौतुक असतं. ताई, शब्दाचं मूळ बघा, मग सुचेल. मॅव्हरिक हे आडनाव आहे. सॅम्युअल ऑगस्टस मॅव्हरिक 1803 साली साउथ कॅरोलिनात जन्मला, येलमध्ये शिकला, व्हर्जिनियात वकिलीची सनद घेतली आणि जमिनींच्या ओढीनं 1835 मध्ये टेक्सासात पोचला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. मेक्सिकोविरुद्ध उठलेल्या, अलामो या सॅन अँटोनिओतल्या गढीच्या शिबंदीनं त्याला स्वातंत्र्य परिषदेवर प्रतिनिधी म्हणून पाठवलं, त्यामुळेच तो वाचला. 6 मार्च 1836 ला अलामो पडलं, शिबंदी कापली गेली, तेव्हा तो तिथे नव्हता. टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पुढे सॅन अँटोनिओचा महापौर झाला, 1842 मध्ये मेक्सिकन फौजेनं धरून पेरोटेच्या किल्ल्यात डांबला, सुटला. टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यावर 1851 ते 1863 राज्याच्या विधिमंडळात होता.

आता शब्द. 1847 साली कुणाकडून तरी 1,200 डॉलर येणं होतं, त्यापोटी 400 गुरं पदरात पडली. वकीलसाहेबांना गोडी जमिनीची, गुरांची नाही. मॅटागोर्डाच्या भूशिरावर ती राखायला ठेवली आणि विसरले. त्या मुलखात कुंपणं नव्हती. जनावर कुणाचं ते त्याच्या अंगावर तापल्या लोखंडानं दिलेल्या डागावरून ठरायचं. यांची वासरं डागलीच जात नव्हती. मग बिनडागाचं मोकाट वासरू दिसलं की लोक म्हणायचे, हे मॅव्हरिकचं! 1856 मध्ये त्यानं सगळा कळप विकला, पण नाव वासरांना चिकटलं ते चिकटलंच. माणसांपर्यंत पोचलं ते नंतर.

— मग सोपं आहे की. 'पोळ'! देवाच्या नावानं सोडलेला, कुणाच्याही शेतात शिरणारा.

— दादा, नेमकं उलटं होतंय. पोळाला त्रिशूळ-चक्राचा डाग देऊनच सोडायचे. डाग दिसतो म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मॅव्हरिक मोकळा आहे तो डाग नाही म्हणून, आणि म्हणूनच पहिला भेटेल तो त्याला डागून आपला म्हणू शकतो. पक्षांतराच्या काळात हा अर्थ फारच चपखल बसतो, पण ते असो.

— 'बिनडागी' कसा वाटतो?

— 'बिनडागी आमदार' वाचून लोकांना वाटेल चारित्र्य स्वच्छ आहे. मराठीत डाग म्हटलं की आधी कलंकच आठवतो.

— 'मोकाट आमदार' लिहा, सरळ नोटीस येईल :)

— एक विचारू? मूळ मॅव्हरिक तरी मॅव्हरिक होता का?

— तरुणपणी होता म्हणावं लागेल. साउथ कॅरोलिनात संघराज्याचे कायदे झुगारायची लाट होती, तेव्हा तो विरोधात उभा राहिला. पण 1861 मध्ये टेक्सास संघराज्यातून फुटलं तेव्हा, मनातून संघराज्यवादी असूनही, टेक्सासातल्या अमेरिकन सैन्याकडून शस्त्रं-ठाणी ताब्यात घेणाऱ्या तिघा आयुक्तांत तो होता. कळपाबरोबर गेला. आणि ती मोकाट गुरं राखायला ठेवलेलं कुटुंब गुलामांचं होतं, हे त्या गमतीदार गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही.

— याचा नातू मॉरी मॅव्हरिक. त्यानं 1944 मध्ये सरकारी कागदांतल्या अगम्य भाषेला 'गॉबल्डीगूक' हे नाव दिलं. टर्की पक्ष्याच्या बडबडीवरून. त्याला मराठी शब्द शोधायला वेगळा धागा काढा, शासन निर्णयांचे नमुने मी पुरवतो.

— ताई, डागाचा नाद सोडा. आपल्याकडे गुरांची मालकी दावणीवरून कळते, आणि 'अमक्याच्या दावणीला बांधलेला' हे राजकारणात रोज ऐकतो. 'कुणाच्याच दावणीला न बांधलेला आमदार' म्हणा. अर्थही तोच, गुरंही शाबूत.

— घेतला! एका शब्दाचे चार झाले खरे, पण मला पैसे शब्दांवर मिळतात. सगळ्यांचे आभार.