८ विकेट, ९० ओव्हर

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५, रात्री

अप्पा: उद्या सकाळी ९ ला गुवाहाटीला आफ्रिकेविरुद्धच्या दुसऱ्या टेस्टचा शेवटचा दिवस चालू, मला कोणी फोन करू नका. आपण २७ वर २ आहोत, जिंकायचे ५४९ विसरा, ते काही होत नाहीत, पण ड्रॉसाठी ८ विकेट आणि ९० ओव्हर एवढंच गणित आहे. न्यूझीलंडात नेपियरला २००९ साली फॉलोऑन मिळून, म्हणजे लगेच परत बॅटिंगला उतरून, दोन दिवस खेळून काढले होते आपण, गंभीरने एकट्याने ४३६ बॉल खाल्ले आणि आज तोच कोच होऊन बसलाय, त्याने पोरांना ती इनिंग लावून द्यावी, भाषण नको

दादा: अप्पा तेव्हा द्रविड, सचिन, लक्ष्मण होते हो. आत्ता ४ नंबरला जुरेल आहे

काका: हेच मी कोलकात्याच्या पहिल्या टेस्टपासून बोंबलतोय!! तिथे ४ स्पिनर घेतले, वॉशिंग्टनला ३ नंबरला पाठवलं, १२४ करायचे होते तर ९३ ला गुंडाळले. आता तोच वॉशिंग्टन ८ नंबरला. ३ वरून डायरेक्ट ८, माणूस आहे की लिफ्ट

ताई: काका पण जुलैत इंग्लंडविरुद्ध मँचेस्टरची टेस्ट कोणी वाचवली ते पण सांगा ना. जडेजा १०७ नाबाद, वॉशिंग्टन १०१ नाबाद. दोघंही तुमच्या भाषेत धड ना बॅट्समन धड ना बॉलर

काका: आणि पहिल्याच ओव्हरमध्ये ० वर २ झाल्यावर कोण उभं राहिलं? राहुल ९०, गिल १०३. त्यांनी नवा बॉल म्हातारा करून दिला मग ह्या दोघांनी सेंच्युऱ्या मारल्या. आधी बॅट्समन लागतो बाई, ऑलराउंडर त्याच्या नंतर. कॅप्टन गिल मान दुखावून बाहेर बसलाय, त्याच्या जागी तसाच टिकणारा कोण आहे सांग

ताई: साई सुदर्शन आहे की

काका: १५ पहिल्या इनिंगला 🙏

आतोबा: मँचेस्टरला त्यांचा कॅप्टन स्टोक्स ड्रॉ मानून हात मिळवायला आला आणि जडेजा नाही म्हणाला, काय मजा आली होती. मग ब्रूकने टाकलेली ती बॉलिंग 😂

अप्पा: जावईबापू ती मजा नाही, १४३ ओव्हर उन्हात पळवल्यावर त्यांना घरी जायची घाई झाली होती. समोरच्याला कंटाळा आणणं हीच तर ड्रॉची बॅटिंग

दादा: नुसतं तटवून पण होत नाही अप्पा. २०१५ ला दिल्लीत ह्याच आफ्रिकेने १४३ ओव्हरमध्ये १४३ रन केले, आमला २५ रन २४४ बॉल, डिव्हिलियर्स ४३ रन २९७ बॉल, आणि हरले ते हरलेच, ३३७ रननी

अप्पा: हरले, पण पाचव्या दिवशी टी नंतर हरले. उद्या आपण टी नंतर ऑलआउट झालो तर मी पेढे वाटेन

आत्या: अप्पा गुवाहाटीला टी आधी असतो आणि लंच नंतर 😄 अंधार लवकर पडतो तिकडे म्हणून. त्यामुळे तुमची पैज फार सोपी आहे

अप्पा: बरं मग लंच नंतर

आत्या: मला एक सांगा कोणीतरी, आपल्याकडे डावखुरे किती आहेत? जैस्वाल, साई, पंत, जडेजा, वॉशिंग्टन, कुलदीप सुद्धा. आफ्रिकेचा हार्मर ऑफस्पिनर, म्हणजे ह्या सगळ्यांपासून बॉल बाहेर जाणार आणि स्लिपमध्ये त्यांचा मार्करम उभाच. सिलेक्शनवर भांडताना हे कोणी बोलत कसं नाही. पुढे यायचं तर पूर्ण पुढे, नाहीतर मागे, अर्धवट पाय टाकला की एज. आणि हात सैल ठेवा रे, बॅट ढकलू नका

काका: आत्याने बोलती बंद केली. पण तरी ४ नंबरला जुरेल नकोच

अप्पा: पहिल्या इनिंगला सगळ्यात जास्त बॉल कोण खेळलं? कुलदीप. १३४ बॉल, १९ रन. नऊ नंबरचा माणूस. त्याची बॅटिंग बघून शिका म्हणावं वरच्यांनी

बुधवार

अप्पा: कुलदीप गेला. बोल्ड

अप्पा: जुरेल पण

काका: मी काय म्हणत होतो

अप्पा: आता बोलू नकोस, पंत आलाय

दादा: कॅप्टन आहे आज, जबाबदारीने खेळेल. पहिल्या इनिंगला त्यांच्या बॉलर यान्सनला पुढे जाऊन मारायला गेला ७ वर, तसं नाही करणार परत

ताई: गेला. १३. हार्मर. स्लिप. मार्करम

आत्या: 🙂

आतोबा: मी मीटिंगमध्ये आहे, स्कोअर टाका

ताई: टी ९० वर ५. साई आणि जडेजा

अप्पा: हा साई बघा कसा खेळतोय. ना घाई ना ताव. ह्याला शिव्या घालत होता ना रे तू काल

काका: शिव्या नाही घातल्या अप्पा, आकडा सांगितला

अप्पा: आकडा म्हणे. २०२१ ला सिडनीत विहारी २३ नाबाद होता १६१ बॉलमध्ये, मांडीचा स्नायू गेलेला, धावता येत नव्हतं, रहाणे कॅप्टन होता तेव्हा, आणि आपण मॅच वाचवली. तिथे २३ चा आकडा बघत बसला असतास तर काय समजलं असतं तुला

ताई: साई गेला 😞 १४ रन १३९ बॉल. परत मार्करमच

दादा: मग वॉशिंग्टन पण मार्करमकडेच. ह्या मॅचमधला ९ वा कॅच, रहाणेचा ८ चा रेकॉर्ड मोडला. २०१५ चा, गॉलचा

काका: तो पण ठेवला नाही आपल्याकडे

आतोबा: बाहेर आलो. काय झालं?

ताई: १४० ऑलआउट. जडेजा ५४, एकटा लढला. हार्मर ६ विकेट. ४०८ रननी हरलो, रनांच्या हिशोबात आपला सगळ्यात मोठा पराभव. सीरिज ०-२

आतोबा: अप्पांचे पेढे?

आत्या: ६३.५ ओव्हर फक्त. लंच सुद्धा गाठला नाही

काका: आता सगळे म्हणतील पिच, पिच. पिच सगळ्यांना एकच होतं, त्यांच्या मुथुसामीने सेंच्युरी मारली ह्याच पिचवर. प्रॉपर बॅट्समन घ्या, एवढंच म्हणणं आहे माझं

ताई: आणि ५४ करणारा कोण होता काका? ऑलराउंडर 😛

काका: आणि १३९ बॉल खेळणारा? बॅट्समन

आत्या: दोघंही डावखुरे

अप्पा: त्या साईला पुढच्या टेस्टला काढू नका म्हणजे झालं

दादा: काढतील अप्पा