भूकंपात पंचगंगेचा पूल बंद झाला तर माल कसा हलवायचा?

सीएनसी_शिरोली
मंडळी, शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला कच्चा भाग, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) येतं, आम्ही मशीनिंग करून चाकणला पाठवतो. गेल्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट झालं, त्यात विचारलं की भूकंपानं रस्ता तुटला तर किती दिवस सप्लाय देऊ शकाल. मी 2019 आणि 2021 च्या महापुराचं सांगितलं, हायवे बंद व्हायच्या आधीच आम्ही माल पुढं काढून ठेवतो वगैरे, तर ते म्हणाले पाणी चढताना दिसतं ओ, भूकंप कुठं सांगून येतो? खरंच उत्तर नव्हतं माझ्याकडं. कोयना तर आपल्या उशालाच आहे. कुणी याचा विचार केलाय का?

रस्ते_पूल_निवृत्त
प्रश्न चांगला विचारलाय. मी पुलांच्या कामावर होतो म्हणून सांगतो, पूल पडायलाच पाहिजे असं काही नाही. धक्क्यात गाळा (दोन खांबांमधला पुलाचा तुकडा) खांबावरच्या बेअरिंगवरून, म्हणजे टेकूवरून, सरकतो, नाहीतर पूल जागेवर राहतो पण त्याला लागून असलेला मातीचा भराव खचतो आणि मध्ये पायरी पडते. मोटारसायकल जाते, 20 टनाचा ट्रक जात नाही. शिवाय तपासणी होईपर्यंत जड वाहनं थांबवावीच लागतात. 2001 ला भूजच्या वेळी कच्छला जोडणाऱ्या सूरजबारी पुलाचं असंच नुकसान झालेलं. आणि पुराचं पाणी आठवड्यात उतरतं, इथं महिने जातात. न्यूझीलंडला कैकोराचा भूकंप नोव्हेंबर 2016 चा, किनाऱ्याचा मुख्य हायवे दरडींनी गाडला गेला तो डिसेंबर 2017 ला उघडला. वर्षभर ट्रक डोंगरातल्या लांबच्या रस्त्यानं फिरले, डिझेल जास्त, ड्रायव्हर जास्त, खेपा कमी.

ट्रकमालक_उचगाव
साहेबांचं बरोबर आहे. दादा, तुम्ही चाकणचा विचार करताय पण तुमची अडचण त्याच्या आधीच आहे की. गोकुळ शिरगाव नदीच्या अलीकडं, शिरोली पलीकडं. अर्ध्या तासाचा रस्ता, पण मध्ये पंचगंगा. तो पूल बंद झाला तर हुपरी, इचलकरंजी, हातकणंगले करून यावं लागणार, तिथं पण नदीवर पूल आहेच, आणि त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याचे ट्रक त्याच रस्त्याला. पुढं कराडचा कोयना पूल बंद असला तर विटा, मायणी, दहिवडी, फलटण. रस्ता आहे, पण दिवसाला एक खेप होत असेल तर दोन दिवसाला एक धरा. भाडं त्याच दिवशी ठरवायला गेलात तर गाडीच मिळणार नाही, आत्ताच बोलून ठेवा.

कोअरशॉप_22वर्षं
फौंड्रीच्या बाजूनं सांगतो. मोल्डिंगची, म्हणजे साच्याची, वाळू आम्ही परत परत वापरतो पण कोअरला (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा) नवी सिलिका वाळू लागते, ती कोकणातल्या कासार्ड्याहून घाट चढून येते. 2024 ला करूळ घाट कामासाठी बंद झाला तर गाड्या लांबून वळवाव्या लागल्या, ते तर आधी सांगून केलेलं काम होतं. भूकंपात एका घाटात दरड आली की शेजारच्या घाटात पण येणार, डोंगर तोच आहे. कोअर नाही तर कास्टिंग नाही, मग तुमची मशीनं चालू असून उपयोग काय. तुमच्या फौंड्रीवाल्याला विचारा कोरडी वाळू किती दिवसाची आहे. बहुतेक जण पावसाळ्यापुरती भरतात आणि दिवाळीनंतर ढीग खाली जातो. कोयनेचा मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे ढीग कमी असतानाच्या दिवसातला, हे लक्षात घ्या.

सीएनसी_शिरोली
सगळ्यांचे मनापासून आभार. उचगावच्या दादांचं वाचलं आणि सरळ रॅकवर जाऊन मोजलं, कच्चं कास्टिंग अडीच दिवसाचं आणि तयार माल साडेचार दिवसाचा, तोही सगळा शिरोलीतच. म्हणजे चाकणला एक नग नाही. आता तयार मालातला अर्धा तिकडं भाड्याच्या जागेत ठेवायचा आणि कच्चं कास्टिंग आठ दिवसाचं इकडं आणून ठेवायचं असं चाललंय, पैसे अडकतील, पण कामगारांना घरी बसवण्यापेक्षा ते परवडलं. वाळूचं फौंड्रीत विचारलं तर स्टोअरवाला म्हणाला बघून सांगतो, म्हणजे त्याला पण माहीत नाही. दादा, रविवारी रिकामा टेम्पो घेऊन हुपरी-इचलकरंजीनं एकदा येऊन बघणार आहे, कुठल्या पुलावर वजनाची पाटी आहे का ते तुम्हाला ठाऊक असेल तर आधीच सांगा.