रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं तरी गोळ्या थांबवू नका

ताई, आईंच्या गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन कमी करायच्या पोटाच्या ऑपरेशनला, दीड वर्ष झालं, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून गोळ्या बंद केल्या, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आजच डॉक्टरांशी बोला. कॅल्शियम कमी पडायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन (पीटीएच) वाढतं आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तातली पातळी सांभाळतं. रिपोर्ट चांगला येतो, हाडं मात्र झिजत असतात. म्हणून पीटीएच आणि ड जीवनसत्त्वही तपासा, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचंही विचारा.

आमच्या खानापूरच्या वहिनीचं असंच झालं. परसात पाय घसरला, हात टेकला तेवढ्यानं मनगट मोडलं. गोळ्यांचा डबा उघडून बघितला तर कॅल्शियम कार्बोनेट, तेही लोहाच्या गोळीबरोबर, सकाळच्या चहासोबत! कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, बायपासनंतर ते फार कमी उरतं. कॅल्शियम सायट्रेट आम्लाशिवायही शोषलं जातं. साधारण दिवसाला 1200 ते 1500 मिग्रॅ कॅल्शियम, एका वेळी 500-600 च्या वर नाही, आणि लोहापासून दोन तास लांब. हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

नाचणीची आंबील जरूर द्या. पण आतड्याचा जो सुरुवातीचा भाग कॅल्शियम जोमानं ओढून घेतो, तोच बायपासमध्ये वगळलेला असतो, त्यामुळे नुसत्या आंबिलीवर भागणार नाही. वहिनी आता मोबाईलला गजर लावून गोळ्या घेते आणि संध्याकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊन येते.