अनुभव धागा: बर्फाने होतो का स्क्लेरोडर्मा?

खाडीकाठ:
परवा हर्णैच्या बंदरावर लिलाव चालू असताना बर्फातून सुरमई उचलणाऱ्या एका मावशींची दोन बोटे पेरांपर्यंत पांढरीफटक पडलेली पाहिली. ती मग निळसर झाली आणि पदरात घट्ट धरल्यावर लालबुंद. माझ्या आईच्या आजाराची सुरुवात अशीच झाली होती. पुढे बोटांची कातडी इतकी ताठरली की मूठ वळेना, आणि तोंड आखडत गेल्यामुळे तिला आंब्याची बाठ चोखणेही जमेना. निदान झाले स्क्लेरोडर्माचे, पण वाडीतल्या प्रत्येकाने दोष दिला तो जन्मभर हाताळलेल्या बर्फाला. आपापल्या घरी या आजाराचे कारण काय सांगितले गेले, ते कृपया लिहावे.

ओहोटी:
आमच्या वहिनी शिक्षिका, बर्फाशी संबंध सरबतापुरता. तरीही झाला. कातडीवर काळे-पांढरे ठिपके उमटल्यावर घरच्यांना कोड वाटले, देवाला कौल लावून झाला, आणि संधिवाततज्ज्ञांकडे आम्ही पोहोचलो ते गिळताना घास अडकू लागल्यावर.

जांभा:
मी प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थंडीमुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याला रेनॉड म्हणतात. ते पुष्कळांना असते आणि त्यांतल्या बहुतेकांना स्क्लेरोडर्मा कधीच होत नाही. बर्फ हा त्रास उठवतो, आजार निर्माण करत नाही. मूळ बिघाड प्रतिकारशक्तीत असतो: ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना इजा करते आणि शरीरात कोलॅजन (कातडीला आणि अवयवांना बळकटी देणारे प्रथिन) गरजेपेक्षा जास्त साठत जाते, मग ती कातडी असो, अन्ननलिका असो वा फुप्फुस. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. जनुकांमुळे कल असू शकतो, पण एकाच घरात दोघांना होणे विरळाच, आणि संसर्ग तर मुळीच होत नाही. बाहेरच्या कारणांत सर्वांत भक्कम पुरावा सिलिकाच्या धुळीविषयी आहे. ब्रॅमवेल यांनी 1914 मध्ये स्कॉटलंडमधल्या पाथरवटांत आणि इरॅस्मस यांनी 1957 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत हा आजार नोंदवला होता. काही रासायनिक द्रावकांवरही संशय आहे.

उंबरठा:
हे वाचून अंगावर काटा आला. आमचे काका कणकवलीकडे सिलिका वाळू चाळण्याच्या कामावर होते, आणि तपासताना डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले ते त्यांच्या कामाविषयीच. एका माणसाच्या बाबतीत संशय घेता येतो, सिद्ध करता येत नाही, असे ते म्हणाले. काकांना कातडीपेक्षा धाप अधिक छळत होती. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे घट्ट झालेली दिसली.

कुळीथपिठी:
काजू सोलणाऱ्या बायकांचे हातही सोलवटतात, मग तेही यातच मोडते का?

जांभा:
नाही, ताई. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजते. ती जखम वेगळी आणि ती भरूनही येते.

भरतीची वेळ:
आमच्या भाचीच्या मांडीवर ताठर पट्टा आहे, त्याला मॉर्फिया म्हणतात. लहान मुलांत आढळतो तो बहुधा स्क्लेरोडर्माचा हाच मर्यादित प्रकार. तो आतल्या अवयवांत सहसा उतरत नाही, हे कळेपर्यंत तिची आई झोपली नव्हती. मात्र सांध्यावरून पट्टा गेला तर पायाची वाढ खुंटू शकते, म्हणून औषध चालू आहे.

खाडीकाठ:
जांभादादा, आभार. एक भर घालते: आईचा रक्तदाब घरीच नियमित मोजण्यास सांगितले आहे, कारण या आजारात तो एकाएकी चढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि वेळीच योग्य औषध मिळाले तर ती वाचतातही. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने हा धोका वाढतो, त्यामुळे कोणी सांधेदुखीवर परस्पर गोळ्या देऊ लागले तर आधी आजाराचे नाव सांगावे.

ओहोटी:
आणि लोकरी हातमोजे कुठून आणता? रत्नागिरीत मागितले, तर दुकानदाराने काश्मीरला निघालात का म्हणून विचारले.

उंबरठा:
कोल्हापुरातून आणवा, थंडीत तिथे सहज मिळतात. फ्रीजमधले काढतानाही घालायला सांगा वहिनींना.