मणक्याची सुई: एकदाच वापरायची की पुन्हा निर्जंतुक करायची?

परळकर: माझ्या मावशीला मणक्याचा क्षयरोग असल्याचा संशय होता, म्हणून मुंबईतील एका रुग्णालयात तिच्या मणक्यातून सुईने नमुना घेण्यात आला. ती सुई एकदाच वापरण्याची असूनही धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरली होती, हे नंतर कळले. तशाच नव्या सुईच्या वेष्टनावर '2' हा आकडा रेघ मारून खोडलेला असतो; दुसऱ्यांदा वापरू नये, असा त्याचा अर्थ. 11 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप) सुई बाहेरून जेमतेम 3 मिलिमीटर जाड असते आणि तिच्या पोकळीत चिकटलेले रक्त व हाडातील मगज पूर्ण निघेलच, याची खात्री देता येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, जंतू मरतात, परंतु क्षयरोगाची जीनएक्स्पर्ट ही चाचणी जंतूंचा डीएनए शोधते आणि तो मेलेल्या जंतूंचाही असू शकतो. आधीच्या रुग्णाचा अंश माझ्या मावशीच्या अहवालात उतरला तर? शिवाय वापरून बोथट झालेले टोक हाडावरून घसरते, जोर जास्त लावावा लागतो, आणि मज्जारज्जू तिथून काही मिलिमीटरवर असतो. अशा सुयांच्या पुनर्वापरावर सरसकट बंदी हवी, असे माझे ठाम मत आहे.

शस्त्रक्रियागृहातील परिचारिका: तुमची काळजी रास्त आहे, पण 'सरसकट' हा शब्द मला मान्य नाही. पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेल्या पोलादी सुयाही असतात. त्यांची आतली सळई वेगळी काढून, पोकळी ब्रशने घासून त्या धुता येतात. त्याही बंद केल्या तर मानखुर्दहून आलेल्या मजुराच्या नातेवाइकाच्या हाती बाहेरून सुई आणण्याची चिठ्ठी पडेल, आणि पैसे जमेपर्यंत तपासणी लांबेल. क्षयरोगात मणका तोपर्यंत थांबत नाही. कचऱ्याचेही पाहा: एकदा वापरून टाकलेली प्रत्येक सुई जैववैद्यकीय कचऱ्यात भर घालते.

दादरचा वाचक: मग भांडण सुईशी नसून किमतीशी आहे. 2017 मध्ये सरकारने हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींवर मर्यादा घातली. या सुयांनाही तशी मर्यादा का नको?

परिचारिका: मर्यादा घातली तरी रुग्णालयाच्या भांडारात सुई हजर असायला हवी. ती तिथे नसली की बाहेरून आणण्याची चिठ्ठी सुरू होते.

परळकर: पोलादी सुयांबाबत मी माझे म्हणणे मागे घेतो, सरसकट बंदीची मागणी अविचाराची होती. मात्र जी सुई धुण्यासाठी घडवलेलीच नाही, ती गरिबाच्या नावाने पुन्हा वापरणे मला पटत नाही, कारण चुकीच्या निदानाची औषधे महिनोन्महिने त्यालाच घ्यावी लागतात. मावशीचा दुसरा नमुना आम्ही नव्या सुईने घ्यायला लावला. वेष्टन आमच्यासमोर फोडले गेले आणि त्यावरील बॅच क्रमांकाची चिकटपट्टी केसपेपरवर लावून घेतली. एवढे तर कोणतेही रुग्णालय आजपासून, एक पैसाही न वाढवता करू शकते.