मदत हवी आहे : शेजारचे कोंबडे पहाटे ३ पासून आरवतात, तक्रार कुठे करायची?

नगरपरिषद हद्दीत स्वतःचं घर आहे, सोसायटी नाही. शेजारच्या काकांचं पत्र्याचं खुराडं आमच्या बेडरूमच्या भिंतीला अगदी चिकटून, त्यात चार असील कोंबडे, आणि रस्त्यावरचा दिवा सरळ आत पडतो त्यामुळे ३ वाजताच सुरू होतात, एक आरवला की बाकीचे पण. घरात तान्हं बाळ आहे, बायकोची झोपच होत नाहीये.

काकांशी दोनदा नीट बोललो. पोतं टाकलं त्यांनी, पण उकाडा वाढल्यावर काढलं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही हे मान्य आहे त्यांना, पण पिल्लं विकतात म्हणून कोंबडे ठेवायचेच. खुराडं पलीकडे सरकवायचा खर्च मी देतो म्हटलं तर जागा नाही म्हणे. नगरपरिषदेत अर्ज दिलाय, पोच आहे, पुढे काहीच नाही. भांडण नकोय, माणसं चांगली आहेत.

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये रहिवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती कोंबड्यांना लावतात का? आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १५२ खाली तहसीलदारांकडे गेलो तर एकाच घराची तक्रार सार्वजनिक उपद्रव म्हणून घेतात का, की आजूबाजूच्यांच्या सह्या लागतातच? कोणी प्रत्यक्ष केलंय का असं?