मदत हवी आहे: घरच्यांनी उठवल्याशिवाय जागच येत नाही

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण यावरून आमच्या घरात रोज सकाळी वाजतंय, म्हणून विचारते.

मला साडेपाचला उठावं लागतं. अलार्म लावते, तो वाजतो, घरात सगळ्यांना ऐकू येतो, फक्त मला येत नाही. किंवा येतही असेल. हात आपोआप जाऊन बंद करतो आणि नंतर त्यातलं काही आठवत नाही. लग्नाआधी आई उठवायची, आता नवरा. तो खरं तर सातपर्यंत निवांत झोपू शकतो, पण माझ्यापायी त्याची झोपमोड ठरलेली. आधी हाक, मग पंखा बंद, मग पांघरूण ओढणं. मधेच मी अगदी खणखणीत आवाजात "उठलेय, दात घासतेय" असं सांगते म्हणे, अंथरुणातूनच! तो बिचारा विश्वास ठेवून पुन्हा आडवा होतो. सहा वाजून गेले की मी धडपडत उठते आणि वर त्यालाच विचारते, उठवलं का नाहीस? उठवलं तर खेकसते, नाही उठवलं तर फुगते. परवा तो म्हणाला, "मी नवरा आहे, कोंबडा नाही."

आता पुढच्या महिन्यापासून त्याची रात्रपाळी. घरी मी आणि आठ वर्षांची लेक. "आई, मी उठवीन तुला" असं तिने मोठ्या रुबाबात जाहीर केलंय आणि मला ते अजिबात नकोय. त्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, ती माझ्यासाठी का मोडायची?

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की एकटीने पहाटेची गाडी पकडायची असेल तर अलार्मच्या आधीच डोळे टक्क उघडतात. मग रोजच काय होतं? रात्री दहाला अंथरुणावर असते, त्यामुळे "लवकर झोपत जा" आणि "मनाचा निर्धार करा" हे दोन सल्ले कृपया नकोत. आईकडून भरपूर मिळालेत.

पहाटपक्षी:
उत्तर तुमच्या त्या गाडीतच आहे. १९९९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जर्मन संशोधकांचा एक प्रयोग आला होता. सहाला उठवणार असं सांगून झोपवलेल्या लोकांच्या रक्तात उठण्याच्या साधारण तासभर आधीपासून एसीटीएच हे शरीराला ताणासाठी तयार करणारं संप्रेरक वाढायला लागलं. नऊला उठवू असं सांगून अचानक सहाला उठवलं, तेव्हा ही आधीची तयारी दिसली नाही. म्हणजे झोपेतही शरीर वेळेचा अंदाज धरून असतं. आता पुढचा तर्क माझा, प्रयोगातला नाही: रोज तुमच्या डोक्यात 'साडेपाच' नसतंच, 'तो उठवेल तेव्हा' असतं. गाडीच्या दिवशी ती सोय नसते.

दुसरं, पहाटेच्या अर्धवट जागेपणी दिलेल्या उत्तराला काडीची किंमत देऊ नका. झोपेतून उठल्यावर साधारण पंधरा ते तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, डोकं गुंगीतच असतं. त्या वेळी उठायचं की नाही हे ठरवायला बसलात तर निकाल अंथरुणाच्या बाजूने लागणार. ठरवायचं ते आदल्या रात्री. नवऱ्याची पाळी बदलेपर्यंत त्याला सांगा: साडेपाचला एकच हाक, दिवा लावायचा आणि झोपून जायचं. पंखा नाही, पांघरूण नाही, वादावादी नाही. एखाद्या दिवशी उशीर झाला तर होऊ दे.

घोरासुर:
+१, विशेषतः दिव्याला. शरीराच्या घड्याळावर सगळ्यात जास्त जोर उजेडाचा चालतो. साडेपाचला बाहेर अंधार असेल तर टायमरवर लागणारा दिवा घ्या. आणि सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळत असाल तर सोमवारी शरीराच्या दृष्टीने साडेपाच म्हणजे मध्यरात्रच.

पण एक विचारतो. दहाला अंथरुणावर म्हणजे दहाला झोप का? मीही दहालाच आडवा व्हायचो, फक्त हातात मोबाईल असायचा. आणि खरंच साडेसात तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, घोरत असाल, सकाळी डोकं दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडकणं, रक्त कमी असणं, थायरॉइड, सर्दीच्या काही गोळ्या, यातलं काहीही असू शकतं. माझ्या बाबतीत पहिलं निघालं. आयडी उगाच नाही घेतला.

जुनी वही:
अवांतर: इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या काळात कामगारांना उठवायला पगारी माणसं असत. लांब काठीने खिडकी वाजवत फिरायची. तेव्हा आधी नवऱ्याची थकबाकी चुकती करा. :)

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. मोबाईलबद्दल घोरासुरांनी बरोबर पकडलं, अकरा तर सहज वाजतात. घोरत नाही (नवऱ्याला विचारून लिहितेय) आणि दिवसा पेंगही येत नाही. दिवा आजच बघते. एका हाकेचा करार नवऱ्याने ऐकताक्षणी मान्य केला, इतक्या आनंदाने की मलाच जरा लागलं.

फक्त लेकीचं काय करू? "नको" म्हटलं तर हिरमुसेल.

पहाटपक्षी:
तिला रात्रीची पाळी द्या. झोपायच्या आधी अलार्म तिने लावायचा आणि तुमचा फोन तिने नेऊन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, दार उघडं ठेवून. बंद करायला तुम्हाला चालत जावं लागेल आणि अकरापर्यंतचा मोबाईलही आपोआप सुटेल. मुलं असली कामं फार कडक करतात.

धागाकर्ती:
विचारलं तिला. नऊलाच फोन मागतेय. साडेनऊवर तोडपाणी चालू आहे.